मनोरीचे आजारी शिंपले

मुलुंडहून चारकोपला जायचं म्हणजे आमच्या घरी फॉरेन ट्रिपच. आईने डबा, पाणी, जास्तीचे कपडे, सगळं कोंबून दिलं. जास्तीचे कपडे कामाला आले, ते पुढे सांगतेच.

चारकोपला माझी मावसबहीण अश्विनी राहते. ती एमएस्सी करतेय आणि तिला हवे होते आजारी शिंपले. हो, आजारीच. एक बारीक हिरवं शेवाळ म्हणे शिंपल्याच्या आत शिरतं आणि त्याच्याच जिवावर जगतं. त्याला उजेड लागतो, म्हणून ते कडेला वाढतं आणि मग कवचाची कड वाकडी होते. बाहेरच्या देशांत सापडलंय, आपल्याकडे आहे का हे हिला बघायचंय. आधीच्या खेपा फुकट गेलेल्या. या वेळी रिकामी आलीस तर विषय बदल, असं सरांनी सांगून टाकलेलं. त्यामुळे मार्व्याहून बोटीत बसलो तेव्हा मी फोटो काढत होते आणि ही नखं खात होती.

मनोरीला सुकती (ओहोटी) लागली होती. खडक उघडे पडलेले आणि त्यांना शिणाण्यांचे (लांबट, हिरवट कवचाचे शिंपले) घोसच्या घोस चिकटलेले. एक कोळीणबाई कोयतीने ते सोडवत होती. अश्विनीने तिला काय हवंय ते सांगितलं. बाईने कमरेवर हात ठेवला.

"बाजारात सगळे ताजं मागतात. रोगी मागणारी तू पहिलीच गं."

मग तिने आम्हाला चांगले शिणाणे विकलेच, वर शेजारणीला हाक मारून हा किस्साही सांगितला.

ऊन चढलं तरी सगळे शिंपले आपले सरळच. शेवटी मी घसरले आणि डबक्यात धप्पकन बसले. समोर बघते तर नाकासमोरच एक वाकडा! त्याच्या बाजूला अजून दोन-चार. अश्विनी मला उठवायचं सोडून त्यांचेच फोटो काढायला लागली यार. मग ते तिने वेगळ्या पिशवीत भरले.

घरी आलो, दोन्ही पिशव्या सिंकमध्ये ठेवल्या, ही पाय धुवायला गेली आणि मी आईने दिलेले कोरडे कपडे घालायला. बाहेर आलो तर मावशी विळीवर बसलेली, दोन्ही पिशव्या रिकाम्या, गॅसवर आमटी उकळतेय. अश्विनीचा चेहरा पांढराफटक. वाट लागली. ती पळीने आमटी ढवळून एकेक शिंपला बघायला लागली.

मावशी मालवणची. ती शांतपणे म्हणाली, "थंय काय शोधतंस? वाकडे होते ना, तेंका आतून हिरवे ठिपके. कुसले असतले म्हणान कडीपत्त्याच्या कुंडीत टाकलंय."

अश्विनी गॅलरीत धावली. कच्चेच होते, मातीत पडलेले, आणि कडेला खरंच हिरवे. तिने कुंडीपाशीच बसकण मारली आणि हसत सुटली. आमटीला मात्र तोड नव्हती. मी तीनदा भात घेतला.

परतीच्या बसमध्ये मांडीवर आमटीचा डबा घेऊन मी विचार करत होते. आईच्या मागे मासळीबाजारात उभं राहून मी आयुष्यभर चांगलं तेवढं निवडायला शिकले. आज पहिल्यांदा टाकलेलं शोधायला गेले आणि काय मजा आली. तेवढ्यात अश्विनीने पाठवलेला फोटो आला. कॉलेजातून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली हिरवे गोल गोल दाणे, सरांचाही होकार आलेला.

मी जोरात म्हणून गेले, "झकास, आजारीच आहेत!"

शेजारच्या काकांनी काळजीने विचारलं, "कोण गं?"

"शिंपले, काका."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघितलं आणि जरा खिडकीकडे सरकून बसले.