गप्प बसायची जागा

आमच्या ह्यांचा आवाज सगळ्या मोंढ्याला माहीत होता. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर ते हर्राशी पुकारायचे. तूर असो, सोयाबीन असो, ढिगाशेजारी उभं राहून बोली चढवत न्यायची, हे त्यांचं काम. घरातही तोच सूर. त्यांनी पाणी मागितलं तरी शेजारीण डोकावायची, "काय झालं वो भाभी?" हळू बोला, हळू बोला म्हणताना माझ्या नाकी नऊ यायचे.

मग घशात गाठ निघाली. तंबाखूनं डाव साधला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. श्वासासाठी गळ्याला भोक राहिलं आणि त्यावर पांढरं फडकं आलं. भेटायला येणारे लोक त्यांच्यासमोरच मला विचारायचे, "आता काय म्हणायलेत डॉक्टर?" जणू कानही कापून नेले होते त्यांचे. मला अस्सा राग यायचा! हे उठून आत जायचे. हळूहळू त्यांनी दारातल्या ओट्यावर बसणंही सोडलं. बोलायला एक पाटी आणली होती, तिच्यावर चहा, औषध आणि नको एवढेच शब्द उमटायचे. नको सगळ्यात जास्त.

मी शाळेत क्लार्क आहे. आमचे विज्ञानाचे सर रविवारी सकाळी काही जणांना घेऊन पिंगळीकडच्या एका तळ्यावर पक्षी बघायला जातात. तिथं जाऊन तुम्ही करता तरी काय, असं एकदा मी त्यांना सहज विचारलं.

"काई न्हाई मॅडम, गप बसायचं. बोललं की पाखरं उडून जातेत."

मी तिथल्या तिथं ठरवलं, ह्यांना न्यायचंच. मला पक्ष्यांचं काडीचं वेड नव्हतं. चिमणी, कावळा, पारवा झाले की माझं ज्ञान संपलं. पण चार माणसं जमली आहेत आणि कुणीच बोलत नाही, अशी जागा जगात आहे हेच मला नवल वाटलं. पाटीवर नको आलंच. मी ऐकलं नाही. स्कुटीवर मागं बसवलं आणि निघाले.

सरांनी आपली जुनी दुर्बीण दिली. पहिल्या दिवशी तिच्यातून मला माझ्याच पापण्या दिसल्या. सर कानाशी येऊन कुजबुजले, "आधी नुसत्या डोळ्यांनी पाखरू धरा, मग नजर न हलवता दुर्बीण वर आणा." ते जमेपर्यंत पाखरू पसार. काठावरच्या एका मातकट दगडाकडे मी बराच वेळ बघत बसले होते. तो दगड पांढरे पंख उघडून उडाला तेव्हा कळलं, तो वंचक बगळा होता. माझ्या लाल साडीवरून सरांनी हात जोडले. पुढच्या वेळी मी मळकट हिरवी नेसून गेले.

ह्यांची नजर मात्र पक्की होती. मोंढ्यात पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचे. तसंच ते माझा हात हातात घेऊन किती पाखरं आहेत ते बोटांनी सांगायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. एकदा कॉलेजातली एक मुलगी मला हळूच म्हणाली, "काका किती शांत बसतेत. मला तर जमतच न्हाई." फडकं तिच्या लक्षातच आलं नव्हतं, मफलर होता ना गळ्यात. परत येताना स्कुटीवर ते माझ्या खांद्यावर बोटांनी ठेका धरत होते.

त्या थंडीत आम्ही जात राहिलो. मला वाटलं, निभावलं.

तळ्याला लागून एक ज्वारीचं शेत होतं. कणसं भरली होती. एका रविवारी त्यावर दाणे खायला भोरड्या उतरल्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, मोजता येणार नाहीत इतक्या. सगळे दुर्बिणी लावून बघायला लागले, कुणाचा तरी कॅमेरा किटकिटत होता. राखणीला शेतात कुणीच नव्हतं. हे तर शेतकऱ्याचं पोर. थोडा वेळ त्यांनी कळ काढली. मग ताडकन उठले, बांधावर चढले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले.

म्हणजे तोंड उघडलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळे लाल झाले, मफलर सुटून खाली पडला. गळ्यावरचं फडकं आतबाहेर होत होतं, तिथून नुसती हवेची फुसफुस येत होती.

सर घाबरून कुजबुजले, "काका, खाली बसा, उडतेन ना सगळ्या!"

एकही भोरडी उडाली नाही.

ते माझ्याकडे वळले. आधी माझ्या तोंडाकडे बोट केलं, मग शेताकडे. मी उठले आणि गळा फाडून ओरडले. अख्खं शेत एकदम उठलं, डोक्यावरून गेलं, दिसेनासं झालं. त्यांनी तिकडं पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेपुढं मला माझा आवाज नकोसा झाला.

पुढच्या रविवारी पाटीवर लिहिलेलं होतं, 'तू जा.'

मी कशाला जाऊ? मला बगळे बघायचे नव्हते, त्यांच्या शेजारी बसायचं होतं. त्यांना गप्प राहणं जड जाणार नाही अशी एकच जागा मला सापडली होती, तिथंही शेवटी आवाज लागलाच. आता रविवारी आम्ही घरातच असतो. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात आणि मी स्वयंपाकघरातून काहीबाही बोलत राहते. मधेच थांबते. वाटतं, आता तरी ते "हळू बोल" म्हणतील.