मॉरिसची मागची सीट

ती फिर्याद घेऊन आलेले गृहस्थ मला आजही जसेच्या तसे आठवतात. साठी ओलांडलेले, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. नाशिकरोडच्या त्यांच्या बंगल्यातून वडिलांची जुनी मॉरिस मायनर चोरीला गेली होती. दोन वर्षं खपून त्यांनी ती पुन्हा चालती केली होती. "साहेब, माझं सगळं लहानपण त्या गाडीत आहे," ते म्हणाले.

पंचनाम्यात एक गोष्ट खटकली. फाटकाचं कुलूप तुटलेलं नव्हतं, ते किल्लीनं उघडलं होतं. अशा वेळी पोलीस आधी घरातल्यांकडे बघतात.

आठवडाभरात देवळा गावच्या खबऱ्याचा फोन आला. "कांद्याच्या चाळीत ताडपत्रीखाली एक गाडी हे साहेब. लय जुनी, बेडकावानी."

कांदा साठवायची ती चाळ फिर्यादीच्या धाकट्या भावाची निघाली. तो देवळ्यातच राहून वडिलांची शेती करायचा. त्याला ठाण्यात आणलं. चहा दिला, तो तसाच गार झाला.

मी पुन्हा गाडीचा पंचनामा वाचला. दिवे, आरसे, चाकं, सगळं जागेवर होतं. फक्त मागची सीट उपटून चाळीमागे जाळलेली होती. विकणारा चोर सीट जाळत नाही.

"सीटनं तुमचं काय बिघडवलं होतं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आई तिच्यावर गेली."

मोठा भाऊ तेव्हा पुण्याला वसतिगृहात होता. आईच्या छातीत कळा सुरू झाल्या म्हणून वडील तिला नाशिकला न्यायला निघाले. भावडबारी घाटाच्या चढावर गाडी बंद पडली. मागच्या सीटवर आईचं डोकं या धाकट्याच्या मांडीवर होतं.

"दादानं गाडी नवी केली. सीटला तसंच लाल कातडं लावलं. मला बोलावलं आन् म्हणला, बस मागं, आईच्या जागेवर. हसत म्हणला, साहेब. त्याला काय ठाव?"

थोरल्या भावाला मी बोलावून घेतलं आणि धाकट्याला सगळं पुन्हा सांगायला लावलं. ऐकताना थोरल्याचा चेहरा उतरत गेला. "बाबा म्हणाले होते, दवाखान्यात गेली. झोपेत," एवढंच ते बोलले.

"मलाबी तसंच सांगाया लावलं व्हतं."

पुढे कोर्टाच्या परवानगीनं दोघांत तडजोड झाली. गाडी ताब्यात घ्यायला थोरले आले, सोबत धाकटाही होता. ठाण्याच्या आवारात ती धुळीत उभी होती. थोरल्यांनी मागचं दार उघडलं आणि सीट नसलेल्या उघड्या पत्र्यावर ते जाऊन बसले. धाकटा बाहेरच उभा राहिला.

चोरीच्या गुन्ह्यात आम्ही मालक कोण ते आधी ठरवतो. कागदावर ते सोपं असतं. त्या गाडीतल्या आठवणींचे मालक दोघं होते, आणि एकाला दुसऱ्याच्या वाट्याची खबरच नव्हती. अशी घरं मी नंतरही पुष्कळ पाहिली. तिथं गुन्हा शेवटी घडतो, गप्प बसणं फार आधी सुरू झालेलं असतं.

"किती वेळ होतात रे घाटात?" आतून थोरल्यांनी विचारलं.

"ऊन उतरेपर्यंत. मंग एक ट्रक थांबला."

"ती काही बोलली?"

धाकटा दाराशी वाकला. "तुझंच नाव घेत व्हती."