सापाच्या पोटातला यासाकू

यासाकूचा धंदा घरं शाकारण्याचा, पण जपानमधल्या इवामी प्रांतातल्या त्या डोंगराळ गावात तो ओळखला जाई सापाच्या सोंगामुळे. सुगी सरली की देवळाच्या अंगणात देवापुढे नाच होई. त्यात बांबू-कागदाच्या लांबलचक सापात यासाकू शिरायचा आणि सुसानोओ देवाच्या तलवारीने मरायचा. देव व्हायचा सेइजी, यासाकूच्या बायकोचा धाकटा भाऊ.

टाळ्या सेइजीला. साके, तांदळाची दारू, आधी सेइजीला. यासाकू तेव्हा सापाच्या पोटात घामाने निथळत पडलेला. घरी आल्यावर बायको, ओरिए, भात वाढता वाढता भावाच्या नाचाचं कौतुक करी आणि यासाकू ताटावरून लवकर उठे.

एका वर्षी सणाच्या तोंडावर फळं उतरवताना सेइजी झाडावरून पडला, गुडघा सुजून टम्म झाला. पुजाऱ्याने यासाकूला बोलावून देवाचा पोशाख आणि मुखवटा पुढे ठेवला. सापात दुसऱ्या कुणालातरी घातलं. मेहुण्यासाठी हळहळण्याचं नाटक यासाकूला नीट जमलं नाही. ओरिएने ते ओळखलं, आणि दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

नाच मात्र त्याने जीव ओतून केला. ढोल थांबले, अंगण टाळ्यांनी दणाणलं. तो मुखवटा उतरवणार, तोच टोफूवाल्या त्सुनेआजीने त्याचा हात धरला. "सेइजी, दुखऱ्या पायानं नाचलास रे बाबा."

यासाकूचा हात मुखवट्यावरच थांबला. तो नुसता वाकून बाजूला झाला. पलीकडे खरा सेइजी पाय लांब करून बसला होता आणि निम्मं गाव त्याच्या गुडघ्याची चौकशी करत होतं. यासाकूला पाहताच तो लंगडत आला.

"दाजी, शप्पथ सांगतो, मला असं कधी जमलं नव्हतं."

तो मनापासून बोलत होता, हे यासाकूला दिसत होतं. त्यामुळे तर तो जास्तच जळफळला.

पुढच्या वर्षी सेइजी बरा झाला आणि पोशाख त्याच्याकडे परत गेला. यासाकू पुन्हा सापात शिरला. त्या खेपेला त्याने देवाला असा काही विळखा घातला की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली.

"दाजी, मारताय का काय?" सेइजी मुखवट्याआडून कुजबुजला.

"बघतोय," यासाकू म्हणाला आणि आणखी जरा आवळून मग मेला.