चार बोटांचा पंजा

चैत्रातल्या दुपारी तापलेल्या पत्र्याला गंजाचा, घासलेटाचा आणि कुजक्या काथ्याचा एक वास येतो. त्यात बाहेरच्या कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट गोडवा मिसळला, की मला उन्हाळा पुरता लागल्यासारखा वाटतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर जुन्या मोटारी दुरुस्त करून पुन्हा उभ्या करण्याचं खूळ मी डोक्यात घेतलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं घरचे म्हणतात, म्हणोत बापडे. झरीच्या रस्त्यावरची शेड सलीमभाईंची, हातही त्यांचेच, हौस तेवढी माझी.

त्या दुपारी आम्ही मानवतच्या एका बंद जिनिंगमध्ये सडत पडलेल्या, वयानं माझ्याहून थोरल्या गाडीचं दार उघडं करत होतो. आतलं रेक्झिन सोलून निघालं आणि राखाडी पत्र्यावर, इतकी वर्षं उजेड न पाहिलेला, तांबड्या रंगाचा हाताचा ठसा समोर आला.

"गुरुजी, पंजा हाय ह्यो," सलीमभाई हातातला ब्रश खाली ठेवत म्हणाले. "पुसायचा न्हाई."

आमच्याकडे मोहरमला पंजा निघतो, तेव्हा सारं गाव नारळ घेऊन उभं राहतं; नव्या घराच्या भिंतीवर हळदीचे हात उमटवतात. कारखान्यातल्या कुणी गाडीला असाच आशीर्वाद दिला असेल असं वाटून मीही हात जोडले. आणि जोडलेल्या हातांवरून बघताना लक्षात आलं, की पंज म्हणजे पाच, आणि इथे चारच बोटं होती. अनामिकेच्या जागी, तळव्याला लागून, नुसता एक गोल ठिपका.

माझी धाकटी, अश्विनी, आयटीआय करून सोमवारी चाकणच्या कारखान्यात रुजू होणार होती, मोटारींचे दरवाजे दाबून काढणाऱ्या मशीनवर. तिच्या नेमणुकीचे पेढे मीच गल्लीभर वाटले होते. हे असलं दार कुणाच्या तरी हाताखालून जातं, आणि त्या हाताचं कुणी आईबाप असतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"ठसा देताना उचललं असंल बोट," माझ्याकडे न बघता सलीमभाई पुटपुटले. त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात अश्विनीच चहाचा थर्मास घेऊन आली. ठसा झाकावा म्हणून मी पुढे झालो, पण तिनं वाकून पाहिलं आणि सहज, खेळल्यासारखा, आपला तळवा त्यावर ठेवला. हात तंतोतंत बसला. फक्त तिचं अंगठीचं बोट कोऱ्या पत्र्यावर एकटंच राहिलं. मी तिचा हात ओढून घेतला.

"पप्पा, तुमी उगंच घाबरायलाव. आता हात आत गेला की मशीन आपोआप बंद पडती."

खरंच असेल. मी मुळातला भित्रा माणूस; नको जाऊस, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिच्या तोंडावरचा आनंद बघून तिथेच विरले. ठसा तसाच ठेवून सलीमभाईंनी त्यावर नवं रेक्झिन चढवलं. झाकल्यानं भीती कमी होईल, असं मला वाटलं होतं.

रविवारी सकाळी पुण्याची एसटी हलली. अश्विनी खिडकीतून हात हलवत राहिली. बाकीचे तिच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत होते, मी तिची बोटं मोजत होतो.