समासातला सवाल

"तुमचं हृदय ठणठणीत आहे. याला पॅनिक अटॅक म्हणतात," बीडचे डॉक्टर म्हणाले. पॅनिक अटॅक म्हणजे समोर धोका नसताना शरीराने ठोकलेली बोंब. छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता मेलोच असं वाटतं. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागद, त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मला रडूच कोसळलं. हृदयाचं दुखणं असतं तर निदान लोकांना सांगता आलं असतं.

"कधी होतं हे?"

"पुस्तक वाचताना," मी म्हणालो. बायकोने कपाळावर हात मारला.

चार वर्षांपूर्वी आमच्या विहिरीचं काम चालू असताना कडा ढासळला. खाली मी आणि माझा मामेभाऊ बबनदादा. संध्याकाळी मला जिवंत काढलं, दादाला मेलेला. तेव्हापासून मी दार लावून झोपत नाही. पाटोद्यातल्या माझ्या एसटीडी बूथच्या काचेच्या केबिनचं दारही काढून टाकलंय. गिऱ्हाइकांची फोनवरची भांडणं सगळ्या बाजाराला ऐकू जातात.

वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीत खाणीत गाडले गेलेले दोन मजूर शेवटपर्यंत एकमेकांना धीर देत बोलत राहतात. त्या पानावर माझा दम कोंडायचा. पुस्तक परत करायचो आणि आठवड्याने पुन्हा तेच आणायचो. वाचवत नव्हतं, सोडवतही नव्हतं. "ह्ये इकतचं दुखणं हाय," म्हणत बायकोने ते ज्वारीच्या कणगीत लपवलं. मी तिथूनही काढलं.

शेवटी संतापून समासात पेन्सिलीने लिहिलं, 'साफ खोटं. खाली असं कुणी बोलत नाही.' आणि परत करून आलो.

पुढच्या खेपेला त्याखाली दुसरं अक्षर होतं. 'मग काय बोलतात?'

मध्ये पुस्तक कुणी नेलं होतं, ते ग्रंथपालांना विचारलं. "तुमच्या सुमनवहिनींनी," ते म्हणाले. म्हणजे बबनदादाच्या बायकोने. माझं अक्षर त्यांनी ओळखलंच असणार.

महिनाभर मी त्यांची गल्ली टाळली. घरात अटॅक, बूथवर अटॅक. पळायला जागाच उरली नाही. डॉक्टर म्हणाले, "गोळीने धडधड कमी होईल. पण जे गिळून बसलाय, ते गोळी कसं बाहेर काढणार?"

एका दुपारी गेलो. वहिनी तूर निवडत होत्या. मी उंबऱ्याबाहेरच बसलो.

"वैनी, दादा लगेच गेला न्हवता. लई येळ हाका मारत होता. मला दम पुरावा म्हणून म्या ओ दिली न्हाई."

त्यांचा हात सुपातच थांबला. "कुणाला हाका मारत होते?"

"आधी मला. मी बोलंना, मग तुमाला."

वहिनी मोठ्याने रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "चार साल समदे सांगतेत, जाताना त्यास्नी काय कळलंच न्हाई. भावजी, तुमचाबी दम सरला असता, तर ह्ये मला सांगायला कोण ऱ्हायलं असतं?"

अटॅक अजून येतात. गोळ्या चालू आहेत. एखादं पुस्तक असंच तुमचा गळा धरत असेल, तर खुशाल मिटा. पण ते पान एकट्याने सांभाळू नका, कुणाला तरी दाखवा.

माझं पुस्तक वहिनींनीच पुरं केलं. त्या आत बसून मोठ्याने वाचायच्या, मी उंबऱ्याबाहेर. मध्येच थांबून विचारायच्या, "भावजी, ऐकताय न्हवं?"

मी दर वेळी ओ दिली.