मऊ ब्रेक आणि तंजावूरचं तबक

मी ब्रेकचं पेडल दाबलं. ते उशीसारखं आत गेलं.

“किती मऊ आहे, नाही?” डॉक्टर गोपाळराव कौतुकाने म्हणाले.

“मऊ इडली असावी, डॉक्टर. ब्रेक नव्हे.”

गोपाळराव म्हणजे तंजावुरातले नामांकित सर्जन. किट मागवून, पापनाशमजवळच्या एका बंद राइस मिलमध्ये त्यांनी दोन सीटचं विमान स्वतः जोडलं होतं. उडवायची परवानगी अजून नव्हती. पण रविवारी पाहुण्यांसमोर ते मिलच्या अंगणात, भात वाळवायच्या सिमेंटवर, चालवून दाखवायचं ठरलं होतं. शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी सरसाअक्का बसणार होत्या. मी आयुष्यभर विमानांचा मेंटेनन्स केला आणि रिटायर होऊन राजवाड्यामागच्या गल्लीत सुखाने राहत होतो. ब्रेकसाठी मला बोलावणं आलं.

प्रकार साधा असतो. पेडल दाबलं की नळीतलं तेल चाकापाशी ढकललं जातं आणि ब्रेक लागतो. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत हवा राहिली, तर तुमचा सगळा जोर तिलाच दाबण्यात जातो. ती हवा काढणं म्हणजे ब्लीडिंग.

“आम्ही जन्मभर ब्लीडिंग थांबवतो, अण्णा. तुम्ही करायला सांगता!” डॉक्टर स्वतःच खूप हसले. त्यांनी कारसारखं वरून तेल ओतून पाहिलं होतं. मी चाकापासून सिरिंजने तेल वर चढवलं, कारण हवेला वरच जायचं असतं. बुडबुडे निघाले, तरी पेडल मऊच.

मग मी नळी बोटाने चाचपत गेलो. पेडलच्या पुढे ती उगीचच वर चढून, कमान करून खाली उतरली होती. हवा त्या कमानीच्या माथ्याशी आरामात बसली होती. कमान कशासाठी? तर पॅनेलखाली डॉक्टरांनी तंजावूरचं तबक, म्हणजे चांदीच्या उठावकामाची थाळी, बसवलं होतं आणि नळी त्याच्यावरून नेली होती. अशा तबकावर देव असतो. ह्याच्यावर डॉक्टरांचं नाव होतं.

“तबक काढा. नळी सरळ करतो.”

“ते हलणार नाही. फोटोत तेच दिसायचंय. दोन-तीनदा पंप केलं की पेडल कडक होतं, मी पाहिलंय.”

“कडक होतं, पण टिकत नाही.”

“अण्णा, तुम्ही मोठ्या कंपनीतले. तुम्हाला प्रत्येक गोष्टीची भीती.”

रविवारी पाहुण्यांच्या खुर्च्या अंगणाच्या पार टोकाला, विमानाच्या बरोब्बर समोर मांडलेल्या. फोटो छान येतो म्हणे. सरसाअक्कांनी मला बाजूला घेतलं.

“अण्णा, खरं सांगा. मी बसू का?”

“बसा ना. त्या तिकडे, सावलीत.”

त्यांनी पदर खोचला आणि पहिली खुर्ची स्वतः उचलली. डॉक्टर कॉकपिटमधून ओरडत राहिले आणि आम्ही दोघांनी सगळे पाहुणे बाजूच्या भिंतीला नेले. काही जण चिडले. एका निवृत्त प्राचार्यांनी माझं शिक्षण विचारलं.

इंजिन सुरू झालं. विमान ऐटीत निघालं, वेगात आलं, आणि थांबायची जागा आली तसं थांबलं नाही. डॉक्टरांचा गुडघा वरखाली होताना दिसत होता. पंप, पंप, पंप. जिथे खुर्च्या होत्या तिथून विमान सरळ पुढे गेलं, अंगण संपलं, आणि ओल्या भातशेतात नाक खुपसून उभं राहिलं. प्रोपेलर मोडला. मागच्या काही पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांची हनुवटी फुटली होती. टाके त्यांच्याच ज्युनियरने घातले. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

नवा प्रोपेलर आला तेव्हा मी न विचारता तबक उतरवलं, नळी सरळ केली, खालून तेल चढवलं. पेडल दगडासारखं लागलं. पुढे डॉक्टर क्लबात सांगू लागले, की कमानीचा दोष त्यांनीच शोधला.

नळीतली हवा सिरिंजने निघते. डोक्यात गेलेली, भातशेतातही पूर्ण निघत नाही.