ट्रॅक्टरच्या मागे उभी राहणारी पोर

उद्धव तसा भिणारा माणूस नव्हता. अमरावतीजवळच्या भातकुली गावी वावरात घोणस निघाली तर तिलाही तो "जाय बाई आपल्या घरी" म्हणायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. पण त्या हिवाळ्यात बुधवार उजाडला की या सहा फुटी गड्याला भीती वाटायची. बुधवारी तो सात वर्षांच्या लेकीला, ईश्वरीला, अकोल्याला खेळायला न्यायचा. लेकराच्या खेळण्याला भिणारा बाप तुम्ही पाहिला नसेल, तर हा पाहून घ्या.

झालं होतं असं. दिवाळीच्या तोंडावर खळ्यात सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, ट्रॉलीत भरायची होती. ट्रॉली मागे घ्यायची म्हटलं की आपल्याकडे एखादं लेकरू मागे उभं करतात. त्यानं "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचं आणि जागेवर आलं की "बस!" म्हणायचं. उद्धवकडे हे काम ईश्वरीचं. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या वावरातला ट्रॅक्टरही थबकायचा. त्या दिवशीही ती ओरडत होती. ट्रॉलीच्या पलीकडच्या अंगाला तिची आई साधना सांडलेले दाणे वेचायला वाकलेली. ती पोरीला दिसली नाही, आणि उद्धवनं तर मान वळवूनही पाहिलं नाही. साधनाचा पाय चाकाखाली आला.

पाय वाचला. घोटा मोडला, प्लास्टर झालं, हातात काठी आली. पण पोरीचं बोलणं गेलं ते गेलंच. घरात नाही, शाळेत नाही, आई दवाखान्यातून आली तेव्हाही नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायची. उद्धवची आई इंदूबाई, तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सारं घर खोकून बेजार झालं, पोर तेवढी खोकलीसुद्धा नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला. म्हणाले, "यंत्र ठीक आहे, मन भ्यायलं आहे. खेळातून उपचार करणारी माणसं असतात, त्यांच्याकडे न्या." त्यांनी एक पत्ता अमरावतीचा दिला, एक अकोल्याचा. उद्धवनं अकोल्याचा धरला. अमरावतीत निम्मी भातकुली फिरत असते. कोणी पाहिलं तर?

"खेळाले अकोल्याले?" इंदूबाई म्हणाली. "आपल्या आंगनात काय काटे पेरले हायेत?"

"माय, डाक्टरनं सांगतलं."

"त्याले लेकरं नसतीन मंग."

अकोल्याला प्राजक्ता मॅडमची एक छोटी खोली होती. वाळूची पेटी, बाहुल्या, भातुकली, गाड्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी उद्धवला बसवून सांगितलं, "भाऊ, मोठी माणसं बोलून मन मोकळं करतात, लेकरं खेळून करतात. दर आठवड्याला त्याच वेळेला आणा, खंड पाडू नका. काय खेळायचं ते तिला शिकवू नका, आणि काय खेळली ते विचारू नका. तिच्या जिवाला कशाचा धोका दिसला तर मी तुम्हाला सांगेनच. बाकी खोलीतलं खोलीत. अन् घाई नको, महिने लागतात."

उद्धवच्या कानात यातलं अर्धंच गेलं. कारण फळीवर त्याला दिसला लाल ट्रॅक्टर, मागे ट्रॉलीसकट.

पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. पोर तो ट्रॅक्टर घेणार, बाहुली घेणार, आणि बाबानं आईला कसं चिरडलं ते दाखवणार. मॅडम वहीत लिहिणार. त्याहून मोठं भय म्हणजे, एकदा का तिनं ते हातानं करून पाहिलं, की ती आपल्याकडे कशी पाहील? आता बोलत नाही, मग जवळही येणार नाही.

म्हणून पुढच्या बुधवारी बडनेऱ्याहून गाडी सुटली, आणि मूर्तिजापूर यायच्या आत त्यानं पोरीच्या ओंजळीत फल्लीचे, म्हणजे भुईमुगाचे, दाणे ओतले. "इशू, तिथं ट्रॅक्टर खेळजो नोको हं. भातुकली खेळजो. मॅडमले नाई आवडत ट्रॅक्टर."

ईश्वरीनं मान हलवली. गुणाची पोर.

पुढचे चार बुधवार तिनं भाकरी थापल्या. येताना उद्धव शाळामास्तरासारखा विचारायचा, "काय खेळली? मॅडम काय म्हने?" पोर खिडकीकडे तोंड फिरवायची. आणि घरात मुकेपणा होता तसाच होता. उद्धवला वाटू लागलं, ही आता कधीच बोलणार नाही.

पाचव्या बुधवारी मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. "भाऊ, खोलीतलं मी सहसा सांगत नाही. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय सुटणार नाही. ती ट्रॅक्टरला हात लावायला जाते, अन् दाराकडे पाहते. दाराबाहेर तुम्ही बसलेले असता."

उद्धवनं टोपी काढून हातात घेतली. "मीच नाई म्हटलं होतं मॅडम. चूक झाली." मग आवाज खाली आला. "थे मले भेते न?"

"मला माहीत नाही. तिला दाखवू द्या. बंदी तुम्ही घातली, तुम्हीच उठवा. अन् पुढच्या वेळी आत या. ती सांगेल तेवढंच करायचं. समजावणं नाही, शिकवणं नाही, रडून माफी मागणं नाही."

घरी त्यानं साधनाला सांगितलं. ती काठीवर रेलून म्हणाली, "म्हंजे महिनाभर तुमीच तिले गप बसवून राहिले, अन् वरून म्हनता बोलत काहून नाई! पाय मोडला माहा, अन् थरथर कापून राहिले तुमी."

पुढच्या बुधवारी गाडीत उद्धवनं लेकीला सांगितलं, "ट्रॅक्टर खेळ बेटा. मॅडमले चालते. भेव मलेच वाटे." ईश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं. बरंच पाहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

खोलीत तो मांडी घालून बसला. पोरीनं थेट फळीवरून ट्रॅक्टर काढला आणि त्याच्या हातात दिला. लुगडं नेसलेली बाहुली ट्रॉलीमागे वाळूत वाकवून ठेवली. उद्धवला वाटलं, आता दाखवणार.

पण ती त्याच्याकडे बोट करीना. स्वतः मागे जाऊन बसली, हात वर केला, तोंड उघडलं. आवाज नाही. मग तिनं आपल्याच हातानं आपल्याच तोंडावर चापट मारली. एक, दोन. तिसऱ्या वेळी मॅडमनी मध्ये आपला तळहात गादीसारखा धरला आणि हळूच म्हणाल्या, "या तोंडाचा खूप राग आलाय."

तेव्हा उद्धवच्या डोक्यात उजेड पडला. ही बापाला भीत नव्हती. ही आपल्या शब्दाला भीत होती. आपण "येऊ द्या" म्हटलं आणि आईचा पाय मोडला, एवढं ओझं ही पोर एकटी वाहत होती, आणि बाप फल्लीचे दाणे देऊन वरून झाकण लावत होता.

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. पण समजावणं नाही. मग करायचं काय? त्यानं ट्रॅक्टर पुढेमागे केला नाही. तोंडानं घर्र घर्र केलं, आणि चावी फिरवून बंद केल्यासारखं केलं. दोन बोटं सीटवरून खाली उतरवली, चालवत चालवत ट्रॉलीमागे नेली.

"पायतो बाप्पा मांगं कोन हाये. पायनं डायवरचं काम असते. अरे, साधना! बाजूले हो व."

बाहुली उचलून त्यानं पेटीच्या काठावर बसवली. बोटं परत सीटवर चढली. मग तो थांबला. पोर बाहुलीकडे पाहत होती. मॅडम हलल्या नाहीत.

"येऊ द्या."

आवाज कसला, कित्येक दिवस न उघडलेल्या नळासारखा. उद्धवनं ट्रॅक्टर बोटभर सरकवला. अजून बोटभर.

"बस."

तो बसला तसाच राहिला. रडायचं नाही म्हणून ओठ दातात धरून.

त्या दिवशी येताना त्यानं काही विचारलं नाही. पोरही बोलली नाही. बोलणं मग असं आलं, थेंब थेंब. आधी आईशी, मग वासराशी, शाळेत तर पार उन्हाळ्यात. बुधवार चालूच राहिला.

उद्धवची भीती काही गेली नाही. आता तो ट्रॅक्टर मागे घेण्याआधी दर वेळी खाली उतरतो, चहूकडून पाहतो, मगच चढतो. मागे लेकरू उभं करत नाही.

"ट्रॅक्टर चालवते का परदक्षिणा घालते हा?" ओट्यावरून इंदूबाई म्हणाली.

तिच्या शेजारी बसलेली ईश्वरी म्हणाली, "आजी, पाहू दे न त्याले."